शेंदरी थराखालचा पत्रा: जुन्या जहाजावर रंग काढणाऱ्या नव्या कामगारासाठी

मारुतीला परंपरेने जो शेंदूर चढतो, तो म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात खलून जहाजाच्या पत्र्यावर पहिला हात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला. गोदीत त्याला ‘रेड लेड’ म्हणतात. लोखंडाला गंजू न देण्याचं काम तो इतकं चोख करतो, की चाळीस-पन्नास वर्षांनी वरचे सगळे हात पोपडे होऊन पडतात आणि हा तळाचा शेंदरी थर पत्र्याला तसाच चिकटून राहतो. तो काढायची वेळ येते तेव्हा समोर उभे असता तुम्ही, हातात चिपिंग हातोडी, ग्राइंडर किंवा गॅस कटर घेऊन.

पत्र्यावर गप्प बसलेला शिशाचा रंग काही करत नाही. तो कोरडा घासला की धूळ होते, तापवला की धूर होतो. रंगातलं शिसं कातडीतून अंगात जवळजवळ जात नाही, ते जातं नाकातून आणि तोंडातून. त्यामुळे या कामाची सगळी अक्कल दोन गोष्टींत आहे: धूळ-धूर होऊ न देणं, आणि जी होईल ती हाताने तोंडापर्यंत न नेणं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशोब. एक ग्रॅम रंग घ्या, म्हणजे चिमूटभर. त्यात 10 टक्के शिसं धरा (जुन्या शेंदरी थरात याहून कितीतरी जास्त असतं). झालं 100 मिलिग्रॅम शिसं. अमेरिकेत जहाजदुरुस्तीच्या कामगाराला आठ तासांच्या सरासरीने हवेत 50 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकीच मुभा आहे. ती एक चिमूट बारीक होऊन हवेत उडाली, तर 2000 घनमीटर हवा या मर्यादेला पोचते. म्हणजे 10 मीटर रुंद, 10 मीटर उंच आणि 20 मीटर लांब एवढी टाकी. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या दुसऱ्या परिशिष्टात हीच मर्यादा 0.15 मिलिग्रॅम, म्हणजे अमेरिकेच्या तिप्पट सैल होती. युरोपीय संघाने 2024 मध्ये आपली मर्यादा 0.15 वरून थेट 0.03 वर आणली. आपल्या आकड्याच्या आत आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी 1: हात लावण्याआधी कागद बघा

जहाज किती साली बांधलं ते विचारा. 1980 च्या आधीचं असेल तर शिसं आहे असंच धरून चाला. नंतरचं असेल तरी सुटका नाही, कारण शिशाचे रंग एका ठरावीक तारखेला सगळीकडे एकदम बंद झाले नाहीत.

जुन्या डॉकिंगच्या नोंदी किंवा रंगाची ऑर्डर मिळाली तर त्यात आय.एस. (भारतीय मानक) क्रमांक शोधा. आय.एस. 102 म्हणजे रेड लेड प्रायमर. आय.एस. 104 म्हणजे झिंक क्रोम, आणि आय.एस. 2074 म्हणजे रेड ऑक्साइड झिंक क्रोम. शेवटच्या दोघांत शिसं हा मुख्य घटक नसला तरी क्रोमेट आहे, आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. तेव्हा ‘शिसं नाही’ म्हटल्याबरोबर मास्क काढून ठेवण्यात अर्थ नाही.

मोठ्या जहाजावर धोकादायक पदार्थांची यादी असते. जहाजं मोडण्याविषयीचा हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाल्यावर नव्या जहाजांना ही यादी ठेवणं बंधनकारक झालं, आधीपासूनच्या जहाजांना पाच वर्षांची मुदत आहे. पण त्यात एक मेख आहे. ॲस्बेस्टॉस, पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायनं) असे पदार्थ आधीपासून चालणाऱ्या जहाजालाही यादीत घ्यावेच लागतात. शिसं मात्र दुसऱ्या तक्त्यात आहे आणि जुन्या जहाजासाठी ते ‘शक्य तितकं’ नोंदवायचं असतं. यादीत नाव नाही याचा अर्थ कुणी तपासलं नाही, इतकाच निघतो. आणि मांडवी-झुवारीच्या काठावर दुरुस्तीला चढणाऱ्या बार्जवर किंवा छोट्या टगवर अशी यादी सापडण्याची आशा धरूच नका.

शिसं कुठे दडलेलं असतं? पत्र्याचा प्रायमर सगळीकडे. चेन लॉकर (नांगराच्या साखळीची खोली), बिल्ज (तळाशी पाणी साचतं ती जागा), डबल बॉटम (तळाच्या दोन पत्र्यांमधली पोकळी) आणि इंजिन रूमच्या कोपऱ्यांत सर्वात जाड, कारण तिथे जुना रंग कधी पूर्ण न काढता वरूनच हात मारलेले असतात. विंच, डेव्हिट (होडी खाली सोडायची कमान) आणि कठड्यांचा पिवळा-नारिंगी रंग बहुधा लेड क्रोमेटचा. रिव्हेटच्या जुन्या जहाजात सांध्यांच्या मध्ये शेंदराची किंवा सफेद्याची (शिशाच्या पांढऱ्या रंगद्रव्याची) लुगदी भरलेली असते, आणि लाकडी डेकखालीही तीच. ही लुगदी बाहेरून दिसत नाही, सांधा उघडल्यावर कळते. शिवाय जहाजं मोडतात त्या दारूखान्यातून किंवा अलंगहून आलेला सेकंडहँड पत्रा तुकडा म्हणून लावणार असाल, तर त्याच्या पाठीवर कोणता रंग आहे हेही बघा. जहाज नवं आणि पत्रा जुना, असं सर्रास होतं.

पायरी 2: तपासणी

रंगावरून ओळखता येतं असं सांगणारा एखादा भेटतोच. येत नाही. साधा रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, तो शिशाचा नसतो, आणि जुना झाला की रेड लेडसारखाच दिसतो. उलट शिशाचा थर पांढऱ्या किंवा करड्या हातांखाली झाकलेला असू शकतो.

जागेवरची चाचणी अशी करा. खाली कागद धरा. धारदार सुरीने रंगात तिरका काप घ्या, थेट चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. काप तिरका असला की सगळे हात एकाखाली एक पट्ट्यांसारखे दिसतात. लाल पट्टीवर आधी नुसत्या पाण्याने ओला केलेला कापूस घासून बघा. त्याला लाल डाग लागला तर रंगच सुटतोय, आणि लाल होणारी चाचणी तिथे फसवणार. मग चाचणीची कांडी प्रत्येक पट्टीवर, पाकिटावर दिलेला वेळ घासा. रोडायझोनेटची (शिसं ओळखणाऱ्या रसायनाची) कांडी शिशाला गुलाबी-लाल होते. सोडियम सल्फाइडचं द्रावण काळं पडतं, पण ते लोखंडाच्या कणांनाही काळं पडतं, त्यामुळे गंजलेल्या पत्र्यावर त्याच्यावर विसंबू नका. लेड क्रोमेटला रोडायझोनेट फार सावकाश रंग बदलते, कधी बदलत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: कांडीने ‘आहे’ म्हटलं तर आहे. ‘नाही’ म्हटलं तर नमुना प्रयोगशाळेत.

नमुना साधारण 5 सेंमी × 5 सेंमीचा, सगळ्या थरांसह, लोखंडापर्यंत खरवडलेला हवा. फक्त वरचे पोपडे गोळा करून पाठवले तर निकाल खोटा येतो, कारण शिसं तळाला असतं. झिपच्या पिशवीत घाला आणि जागा नीट लिहा: ‘फोरकॅसल डेक, डावी बाजू, फ्रेम 12’ अशी. एकाच नमुन्यावर अख्खं जहाज मोकळं करू नका. बाहेरचा पत्रा, वरचा बांधीव भाग, इंजिन रूम, टाक्या आणि डेकवरची यंत्रं यांचे रंग वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या डब्यांतून आलेले असतात, तेव्हा प्रत्येकाचा नमुना वेगळा.

निकाल बहुधा मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजेच पीपीएममध्ये येतो. इथे दोन आकडे लोकांना गोंधळात टाकतात. 90 पीपीएम ही भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या नव्या रंगांना लागू झालेली मर्यादा. जहाजाच्या रंगाला ती लागू नाही. 5000 पीपीएम, म्हणजे 0.5 टक्के, ही अमेरिकेतल्या घरांसाठीची व्याख्या. ‘पाच हजाराच्या खाली आलंय, बिनधास्त मारा ग्राइंडर’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब दाखवा: रंगात 1000 पीपीएम शिसं आणि बंद जागेत हवेत दर घनमीटरला 50 मिलिग्रॅम धूळ, म्हणजे झाले 50 मायक्रोग्रॅम शिसं. मर्यादा तिथेच गाठली. किती शिसं आहे याच्याइतकंच ते कसं काढता याला महत्त्व आहे.

पायरी 3: काढायची रीत निवडा

अमेरिकेच्या बांधकामविषयक नियमांत, हवा प्रत्यक्ष मोजेपर्यंत कोणत्या कामात किती शिसं उडतं असं गृहीत धरायचं, त्याची उतरंड दिलेली आहे. जहाजावरच्या कामाला ती चपखल बसते. हाताने खरवडणं, सँडिंग, हीट गन, धूळ ओढणारी नळी जोडलेलं यंत्र: मर्यादेच्या दहापटीपर्यंत, म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. नळी न जोडलेला ग्राइंडर किंवा नीडल गन (बारीक सळ्यांनी रंग ठोकून काढणारं अवजार), आणि ब्लास्टिंगनंतर (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून रंग उडवल्यावर) पडलेली कोरडी ग्रिट, म्हणजे तेच कण, उचलणं: 2500 पर्यंत. ब्लास्टिंग, गॅस कटिंग, वेल्डिंग: 2500 च्या वर.

यातली मधली पायरी नीट वाचा. ग्रिट झाडणारा मदतनीस. ब्लास्टरला हवेचं हेल्मेट मिळतं, तो आतून काम संपवून बाहेर येतो, आणि मग फावडं-घमेलं घेऊन आत जाणाऱ्याच्या तोंडाला रुमाल असतो. नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच काम देतात.

शक्य असेल तिथे पसंतीचा क्रम असा ठेवा:

ओलं करून हाताने खरवडणं हे छोट्या जागेसाठी सर्वात सुरक्षित. 5 लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड टाका, म्हणजे पाणी रंगावरून ओघळून न जाता भेगांत मुरतं. हातपंपाने फवारा मारा, दोन-तीन मिनिटं थांबा, खरवडा, पुन्हा फवारा. पाणी ओघळ धरून वाहू लागलं तर जास्त झालं. ते गढूळ पाणीसुद्धा शिशाचंच आहे आणि ते समुद्रात जाता कामा नये. ओल्या कामात विजेचा ग्राइंडर अजिबात नको, तिथे हाताचं किंवा हवेवर चालणारं अवजार.

मोठ्या सपाट जागेला व्हॅक्यूमची टोपी बसवलेली नीडल गन किंवा ग्राइंडर. टोपीची कड पत्र्याला टेकलेली असेल तरच ती धूळ ओढते. रिव्हेटच्या डोक्यावर, वेल्डच्या उंचवट्यावर, कोपऱ्यात ती उचलली जाते आणि धूळ बाजूने बाहेर पडते. अशा जागा टोपीच्या अवजाराने रेटू नका, ओल्या खरवडणीसाठी मागे ठेवा. नळीच्या टोकाचा व्हॅक्यूम हेपा फिल्टरचा हवा, जो 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने परत हवेत सोडतो. हवेवर चालणाऱ्या गनची वाया जाणारी हवा खाली साचलेली धूळ उडवते, म्हणून सुरू करण्याआधी पायाखालचं साफ करा.

रंग फुगवणारी पेस्ट धूळ करत नाही. पण मिथिलीन क्लोराइडची पेस्ट टाकीत किंवा बंद खोलीत वापरायची नाही. तिच्या वाफेने माणसं मेली आहेत आणि धुळीचा मास्क ती वाफ थोपवत नाही. कॉस्टिकची पेस्ट ॲल्युमिनियमवर चालत नाही.

अति-उच्च दाबाच्या पाण्याने रंग निघतो आणि धूळ फारशी होत नाही, पण हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. तो झोत हात कापतो. नवख्याने लांब राहावं.

गॅस कटिंग आणि वेल्डिंग: इथे थोडं थांबा

शिसं 327 अंशांना वितळतं आणि साधारण 500 च्या पुढे त्याचा धूर ठळकपणे निघू लागतो. ऑक्सि-ॲसिटिलीनची ज्योत 3000 अंशांच्या वर असते. रंगावरून ज्योत फिरवली की शिशाची वाफ होते, ती लगेच थंड होऊन मायक्रॉनहून बारीक कण बनतात, आणि ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. रंगाच्या तेलाचा वास येतो, शिशाला वास नाही. वास गेला म्हणजे धूर गेला असं नाही.

कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान 10 सेंमी रंग आधी काढा. अमेरिकेच्या जहाजदुरुस्तीच्या नियमात बंद जागेसाठी हेच अंतर 4 इंच दिलंय, नाही तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क. 10 सेंमी मोजताना पत्र्याची मागची बाजू विसरू नका. सर्वात नेहमीची चूक हीच. या बाजूने चकचकीत पट्टा काढला, पलीकडे टाकीतला शेंदरी थर तसाच, आणि कटिंग सुरू झालं की धूर पलीकडच्या माणसाच्या तोंडावर. पलीकडे जाता येत नसेल तर कटिंग थांबवा आणि फोरमनला सांगा. जाड पत्र्यात उष्णता लांबवर पसरते. पट्ट्याच्या कडेचा रंग फुगताना किंवा करपताना दिसला तर पट्टा आणखी रुंद करा.

रंग जाळून मग घासायचा हा जुना ‘शॉर्टकट’ अजून चालतो. तो करू नका, करायला सांगितलं तरी.

पायरी 4: जागा बांधून घ्या

उघड्यावर असाल तर खाली ताडपत्री, कामाच्या जागेपासून सर्व बाजूंना दोन-तीन मीटर बाहेर येईल इतकी. वाऱ्याची दिशा बघा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला कुणी जेवत-बसत नाही ना ते पाहा. मुंबई-गोव्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा जोर धरतो. खरवडण्याचं काम सकाळी उरकलं तर पडदे कमी फडफडतात.

टाकीत किंवा चेन लॉकरमध्ये उतरायचं तर आधी प्रवेशाचा परवाना. ऑक्सिजन 20.9 टक्क्यांच्या आसपास हवा, 19.5 च्या खाली असेल तर उतरायचं नाही. फिल्टरचा मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. गंजलेली बंद टाकी स्वतःच ऑक्सिजन खाऊन बसलेली असते. आत पंखा सोडून हवा ढकलू नका, त्याने धूळ सगळीकडे फिरते. नळी कामाच्या जागेजवळ आणून हवा ओढून बाहेर काढा आणि बाहेर पडण्याआधी ती फिल्टरमधून जाऊ द्या. दुसऱ्या मॅनहोलमधून ताजी हवा आपोआप आत येते.

पायरी 5: मास्क

रुमाल, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग नाही. भारतीय मानक आय.एस. 9473 चा एफएफपी3, किंवा त्याहून बरा रबरी हाफ मास्क पी3 अथवा पी100 फिल्टरसह घ्या. फक्त वायूची काडतुसं लावलेला मास्क धूळ अडवत नाही. हे काडतूस बाहेरून भारी दिसतं म्हणून लोक फसतात.

हाफ मास्क मर्यादेच्या दहापटीपर्यंत पुरतो, म्हणजे वरच्या उतरंडीत फक्त पहिल्या गटाला. चेहऱ्याला नीट बसतो हे चाचणीने ठरलेला पूर्ण चेहऱ्याचा मास्क पन्नासपटीपर्यंत. ब्लास्टिंगला आणि बंद जागेतल्या कटिंगला बाहेरून हवेची नळी लागते, तिथे फिल्टरवर भागवू नका.

दर वेळी घातल्यावर दोन गोष्टी करा. फिल्टर दोन्ही तळव्यांनी झाका आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्यावर आत दबून दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग बाहेर सोडायची झडप झाकून हलकेच फुंका, कडेने हवा निसटता कामा नये. दाढीचे दोन दिवसांचे खुंटही कड बसू देत नाहीत. मे महिन्यात घामाने मास्क घसरतो. तेव्हा बाहेर या, चेहरा पुसा, पुन्हा बसवा. आत असताना उचलून घाम पुसायचा नाही. फिल्टर आपटून किंवा कॉम्प्रेसरची हवा मारून ‘साफ’ केला की तो फाटतो. श्वास जड झाला की फिल्टर बदला. जेवायला जाताना मास्क पाइपाला अडकवून ठेवला तर धूळ आतल्या बाजूला बसते आणि परत आल्यावर तुम्ही तीच हुंगता. झाकणाच्या डब्यात ठेवा.

पायरी 6: हात, तंबाखू, डबा

आता तंबाखू मळणारा तळहात जवळून बघा. डाव्या तळव्यावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, आणि उजव्या अंगठ्याने मिनिटभर रगडणं. त्या तळव्याच्या रेषांत, अंगठ्याच्या नखाखाली तासाभरापूर्वी खरवडलेला शेंदरी थर आहे. तो तंबाखूत मळला जातो, मग गोळी ओठाखाली, अर्धा तास. शिसं पोटात पाठवायची याहून खात्रीची रीत शोधून सापडणार नाही. बिडीचंही तेच, वर टोकाच्या निखाऱ्याने तोंडाजवळ शिसं तापवणं.

कामाच्या जागेत तंबाखू, बिडी, चहा, पाण्याची बाटली काही नाही. पुडी खिशातही नको, कपाटात ठेवा. जेवणाआधी हात कोपरापर्यंत साबणाने, नखं ब्रशने, मग तोंड धुवा आणि चूळ भरा. हातावर चोळायचं सॅनिटायझर शिसं काढत नाही, पसरवतं. अंगातली डांगरी (कामाचा एकसंध पोशाख) जेवणाच्या खोलीत न्यायची नाही.

उपाशीपोटी काम करू नका. रिकाम्या पोटी गिळलेलं शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शोषण कमी होतं, म्हणून दूध, नाचणी, पालेभाज्या चांगल्याच. पण पाळीच्या शेवटी वाटला जाणारा गुळाचा खडा किंवा पेलाभर दूध ‘धूळ धुऊन काढतं’ ही समजूत खोटी आहे. गूळ खा, पण मास्कच्या बदल्यात घेऊ नका.

पायरी 7: पाळी संपताना

कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा, दोन्ही बंद. कपड्यांवर हवेची नळी मारून धूळ झटकणं ही बहुतेक गोद्यांतली सवय, आणि सगळ्यात वाईट तीच. मोठ्या खपल्या ओल्या करून हाताने उचला, मग हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं. दोन बादल्या ठेवा, एक साबणाच्या पाण्याची आणि एक फडकं पिळायची. नाही तर तीच धूळ परत पसरते.

काढायचा क्रम: मास्क तोंडावर असतानाच डांगरी व्हॅक्यूम करा. बूट पुसा. डांगरी खांद्यापासून आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळत उतरवा, झटकू नका. हातमोजे काढा, हात धुवा. मग मास्क. मग अंघोळ, केसांसकट. स्वच्छ कपडे दुसऱ्या कपाटात.

डांगरी घरी जात नाही. पिशवीत भरून घरी न्यायची आणि घरच्या बादलीत बाकीच्या कपड्यांबरोबर भिजवायची, या एका गोष्टीने रांगणाऱ्या पोराच्या रक्तात शिसं पोचतं. मुलांसाठी रक्तातलं शिशाचं सुरक्षित प्रमाण असं माहीतच नाही. डांगरी कामाच्या जागीच धुतली गेली पाहिजे, आणि धुणाऱ्याला त्यात काय आहे ते सांगितलेलं असलं पाहिजे. बुटांचंही तसंच.

कचरा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा रंग म्हणजे एक लिटर घन रंग. सुट्या खपल्या झाल्या की त्या याच्या काही पट जागा घेतात, तेव्हा ड्रम आधीच मोजून आणा. खपल्या, फिल्टर, फडकी, ताडपत्री, वापरलेली ग्रिट, गढूळ पाणी हे सगळं झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून. निक्षालन चाचणीत (कचऱ्यातून पाण्यात किती विष झिरपतं ते मोजणाऱ्या) लिटरला 5 मिलिग्रॅमहून जास्त शिसं सुटलं तर 2016 च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा. साठवण 90 दिवसांपर्यंत, वाहतूक नमुना 10 (फॉर्म 10) च्या कागदावर, जसं मुंबई भागातला कचरा तळोज्याच्या केंद्रात जातो. हे मालकाचं काम. तुमचं काम इतकंच, की ड्रममधली ग्रिट कुणी भरावासाठी किंवा घराच्या प्लास्टरसाठी घेऊन जाऊ लागला तर त्याला अडवायचं.

रक्ताची तपासणी

काम सुरू होण्याआधी एकदा, मग महिनाभरात पुन्हा, आणि काम चालू आहे तोवर ठरावीक काळाने. शिशाची तपासणी शिरेतून काढलेल्या अख्ख्या रक्तावर होते. त्याआधी दंड आणि हात साबणाने धुवा, नाही तर कातडीवरची धूळ सुईबरोबर नमुन्यात जाते आणि आकडा उगाच फुगतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याने निम्मं होतं, पण हाडात शिरलेलं वीस-तीस वर्षं राहतं. म्हणून एक चांगला निकाल म्हणजे अख्ख्या नोकरीचा हिशोब नव्हे.

आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असतात. अमेरिकेत 2021 पासून प्रौढांसाठी 3.5 च्या वर ‘वाढलेलं’ धरतात. तिथल्या जहाजदुरुस्तीच्या नियमात मात्र 60 झाल्यावर, किंवा सरासरी 50 झाल्यावर, कामावरून बाजूला करतात आणि 40 च्या खाली आल्यावर परत घेतात. ही जुनी, सैल चौकट आहे. 60 ची वाट बघू नका. आकडा दोन तपासण्यांत चढताना दिसला की आधी काम करायची रीत तपासा: मास्क, हात, तंबाखू, आणि तो मागच्या बाजूचा रंग.

लक्षणं उशिरा आणि साधी वाटणारी येतात: पोटात कळा, बद्धकोष्ठ, तोंडाला धातूसारखी चव, डोकेदुखी, चिडचिड, थकवा, सांधेदुखी, पुढे मनगट लुळं पडणं. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या धुराने येणारा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. पोटातली कळ आठवडाभर राहिली तर तो ताप नाही. दवाखान्यात गेल्यावर ‘जुन्या जहाजाचा रंग काढतो’ हे वाक्य आपणहून सांगा, नाही तर ॲसिडिटीची गोळी मिळून परत येता. शिसं बाहेर काढणारी औषधं डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायची. काम चालू ठेवून प्रतिबंध म्हणून ती कधीच नाही. गरोदर बाईने या कामात असू नये, शिसं वारेतून बाळापर्यंत जातं.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता 2020 च्या तिसऱ्या परिशिष्टात कळवायला लागणाऱ्या रोगांच्या यादीत पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहिता 2020 च्या यादीतही ते आहे. रोजंदारीवर असाल, ठेकेदारामार्फत असाल तरी तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा, जहाजाचं नाव आणि कामाच्या तारखा मागे लिहून. गोदी बदलते, ठेकेदार बदलतो, तो कागद मात्र तुमच्याकडे राहतो.